निरोप्याची चूक

थोरल्यांचं नाव घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही. नुसतं थोरले म्हटलं की पाचवीतल्या पोरालाही कळतं. त्या पोराला थोरल्यांची तीन वाक्यंही पाठ असतात, कारण परीक्षेत ती हमखास येतात. पहिलं, राज्यकर्ते बदलले म्हणजे क्रांती होत नाही, काल काय घडलं ते खरं सांगायची हिंमत आली की क्रांती होते. दुसरं, इतिहासाच्या वहीत खोडायचं नाही, रेघ मारायची, पण खालचं वाचता आलं पाहिजे. आणि तिसरं, दोष शोधायचा तर आधी स्वतःत शोधा.

पहिली दोन वाक्यं मी नोकरी म्हणून पाळली. तिसरं माझ्या बाबांनी आयुष्यभर पाळलं, आणि त्याच्यापायी आमच्या घराचं वाटोळं झालं.

मी थोरल्यांच्या स्मारकातल्या दुरुस्ती विभागात आहे. जुन्या वह्या उसवायच्या, साफ करायच्या, फाटलेलं सांधायचं आणि पुन्हा शिवायच्या. एकतीस वर्षं हेच करते आहे. हे काम मला मास्तरांनी शिकवलं. मास्तर म्हणजे चळवळीचे बाइंडर. लपूनछपून सभा व्हायच्या त्या काळात सभांच्या नोंदवह्या तेच शिवायचे, तेव्हा ते तिशीचे होते. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि अजून रोज सकाळी येऊन माझ्या समोरच्या टेबलाशी बसतात. पगार बंद होऊन अठरा वर्षं झाली, पण त्यांना उठ म्हणायची छाती कुणाला नाही.

मला कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा मास्तरांनी मला कामाला घेतलं. दारात उभं का करत नव्हते, तर मी निरोप्याची मुलगी. ही गोष्टही पुस्तकात आहे, नावाशिवाय, दोन ओळींत. चळवळीचं शस्त्रांचं कोठार जिथे होतं तो पत्ता एका निरोप्याच्या हलगर्जीपणामुळे फुटला आणि चार तरुण पकडले गेले. दोघांना गोळी घातली, दोघं तुरुंगात गेले. तुरुंगात गेलेल्यांपैकी एक माझा मामा. तो तिथेच तापानं गेला. आईचा एकुलता एक भाऊ.

निरोप्या म्हणजे माझे बाबा. सायकलवरून निरोप पोचवायचे. त्यांना चळवळीतून काढून टाकलं, तेव्हा मी चार वर्षांची होते. थोरल्यांनी त्यांना समोर बसवलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "स्वतःत शोध. सापडेल." बाबा हे सांगताना दर वेळी आपल्याच खांद्यावर हात ठेवून दाखवायचे. त्यांना त्यात थोरल्यांचा मोठेपणा दिसायचा. शिवी दिली नाही, हात उगारला नाही, शोध म्हणाले.

आणि बाबांनी शोधलं. नंतर त्यांनी सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं, पण खरा उद्योग शोधण्याचाच होता. पुठ्ठा मिळेल त्यावर त्या दिवशीचा रस्ता काढायचे. इथे वळलो, इथे नळावर पाणी प्यायलो, इथे चेन उतरली. चेन उतरली तेव्हा दोन माणसं भिंतीला टेकून उभी होती. त्यांनी बघितलं असेल का? की पाणी पिताना पिशवी खाली ठेवली ते चुकलं? दर चार-पाच वर्षांनी त्यांना नवी चूक सापडायची. मग ते आठवडाभर जेवायचे नाहीत नीट. मी लहानपणी त्यांना मदत करायची. मला तो खेळ वाटायचा. दुसऱ्या मुली भातुकली खेळायच्या, मी बापाचा गुन्हा शोधायची.

आई त्यांच्याशी बोलत नव्हती. म्हणजे भांडण झालं, चार दिवस अबोला धरला, असं नाही. मामा गेल्याची बातमी आली त्या दिवसापासून एक शब्द नाही. स्वयंपाक करायची, कपडे धुवायची, आजारपणात उशाशी बसायची, पण बोलणं माझ्यामार्फत. "तुझ्या बाबांना विचार, भाकरी हवी का." बाबा दोन हात अंतरावर बसलेले. मी विचारायची. ते मला सांगायचे, मी आईला सांगायची. शाळेची सहल गेली तेव्हा तीन दिवस आमचं घर मुकं होतं. परत आले तर दोघांनी एकदमच बोलायला सुरुवात केली, दोघंही माझ्याशी. तेव्हा मी हसले होते. आता नाही हसू येत. बाबा गेले त्याला नऊ वर्षं झाली. शेवटच्या दिवशी आईनं त्यांच्या तोंडात पाणी घातलं, पण हाक मारली नाही.

मला आयुष्यात एकच हवं होतं. आईनं त्यांच्याशी बोलावं. ते जिवंत असताना जमलं नाही, तर मेल्यावर तरी त्यांचं नाव घ्यावं.

यंदा थोरल्यांची जन्मशताब्दी. सभांच्या नोंदवह्या काचेच्या कपाटात मांडायच्या होत्या, त्यामुळे सगळ्या उसवून साफ करायचं काम माझ्याकडे आलं. सहा वह्या सरळ झाल्या. सातवी त्या वर्षाची होती. त्या वहीत बाबांना काढल्याचा ठराव आहे हे मला ठाऊक होतं. मी तो कधी वाचला नव्हता. वाचायची परवानगी मला होती, हिंमत नव्हती.

गुरुवारी सकाळी मास्तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. मी शिवण कापली आणि दुमडलेल्या कागदांच्या घड्या सुट्या केल्या. वही शिवताना प्रत्येक घडीच्या मधोमध सुईची भोकं पडतात. या वहीच्या सगळ्या कागदांना भोकांच्या दोन रांगा होत्या. म्हणजे वही एकदा शिवलेली, मग उसवून पुन्हा शिवलेली. होतं असं, दोरा तुटतो. पण एका कागदाला एकच रांग होती. तो कागद पहिल्या शिवणीच्या वेळी वहीत नव्हता. बाबांचा ठराव त्याच कागदावर होता.

दोऱ्याची गाठ बघितली. मास्तर डावरे आहेत, त्यांची गाठ उलटी बसते. ही उलटीच होती.

मी स्वतःला म्हटलं, शाई सांडली असेल, कागद भिजला असेल, सभेची नोंद ठेवणाऱ्या चिटणिसांनी पुन्हा लिहून दिला असेल. माणूस स्वतःची समजूत घालायला किती हुशार असतो. मग मी पुठ्ठ्याकडे वळले. पुठ्ठ्यावरचं अस्तर ओल्या फडक्यानं सैल केलं आणि उचललं. अस्तराखाली आणखी एक कागद होता. त्या काळात पुठ्ठा मिळायचा नाही, पातळ पुठ्ठा जाड करायला आत रद्दी घालायचे. हा कागद रद्दीसारखा उलटा चिकटवलेला होता, लिहिलेली बाजू आत. चिमट्यानं तो सोडवायला मला दीड तास लागला. त्याला भोकांची एकच रांग होती, जुनी.

अक्षर तेच, चिटणिसांचं. तारीख तीच. मजकूर असा होता: "पत्ता मी माझ्या पत्रात लिहिला होता. ते पत्र टपालात पकडलं गेलं. चौघे माझ्यामुळे सापडले. निरोप्याचा यात काही संबंध नाही. ही चूक माझ्या नावावर नोंदवावी." आणि खाली थोरल्यांची सही, चलनी नोटांवर असते तीच.

मी खुर्चीवर बसले ती उठलेच नाही. बाबांचे पुठ्ठे डोळ्यांपुढे येत होते, एकामागून एक. ज्या माणसानं चूक केली त्यानं, ज्यानं केली नाही त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, शोध.

दुपारी मास्तर आले. डोळ्यांत औषध घातलेलं, त्यामुळे टेबलाला धरून धरून बसले. मी कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि ओळखलं.

"कुठे होता?"

"तुम्ही ठेवलात तिथेच."

त्यांनी बोट कागदावरच ठेवलं. मग म्हणाले, "जाळून टाक म्हणाले होते थोरले. माझ्यानं नाही झालं. कागद जाळायचा नसतो, पोरी."

"माणूस जाळलेला चालतो."

"बस खाली."

"बसलेलीच आहे. बोला तुम्ही."

ते हळूहळू बोलले. थोरल्यांनी सभेत स्वतःच चूक कबूल केली होती. ते खरंच तसे होते, त्या दिवशी सगळे रडले. पण तीन आठवड्यांत माणसं गळायला लागली. ज्याच्या पत्रामुळे पोरं मरतात त्याच्या मागे कशाला जायचं, असं लोक बोलू लागले. तेव्हा चिटणीस आणि थोरले वही घेऊन मास्तरांकडे आले. सभेतल्या मोजक्या माणसांनी तोंड बंद ठेवायची शपथ घेतली, आणि बाहेर सांगितलं की निरोप्याचा दोष थोरल्यांनी मोठ्या मनानं अंगावर घेतला होता.

"थोरले म्हणाले, आत्ता माझ्या नावाला डाग लागला तर सगळंच बुडेल. क्रांती झाली की दुरुस्त करू."

"मग झाली की क्रांती."

"झाली. पण मग ते आपले राहिले नाहीत, देशाचे झाले. कुणी विचारायचं त्यांना?"

"आणि बाबा?"

मास्तरांनी डोळे पुसले. औषधामुळे की कशामुळे, देव जाणे. "तो एकच माणूस, इकडे अख्खी चळवळ. आम्हाला वाटलं, एकट्याला झेपेल."

"म्हणून मला कामाला घेतलंत?"

"म्हणूनही घेतलं," ते म्हणाले. "पण नंतर तू माझी झालीस."

मी त्यांच्यावर ओरडायला हवं होतं. एकतीस वर्षं मी या माणसाचा चहा टेबलावर आणून ठेवला. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, मास्तर काय म्हणाले आज? चळवळीतला एकच माणूस आपल्या पोरीला जवळ करतो, याचं त्यांना कोण अप्रूप. सणावाराला कपडे करावेत तसं ते दर वर्षी मास्तरांची सायकल स्वतः साफ करून द्यायचे, एक पैसा न घेता. आणि मास्तर ती चालवत घरी जायचे. कसं चालवलं असेल?

मी म्हटलं, "मी आत्ता वर जाते आणि संचालकांच्या टेबलावर हा कागद ठेवते."

"ठेव. संचालक तो खोक्यात घालतील आणि खोक्यावर 'अनिश्चित' लिहितील. तू इथे इतकी वर्षं आहेस, तुला ठाऊक आहे." ते माझ्याकडे अंदाजानं बघत होते. "रविवारी समारंभात मला बोलायला लावलंय. मी सांगतो. सगळ्यांसमोर, माझ्या तोंडानं. कागद काय, खोटा आहे म्हणतील. मला कोण खोटं म्हणेल? तुझ्या आईला घेऊन ये."

हे पटण्यासारखं होतं. आणि मला पटायलाच हवं होतं, ही खरी गोष्ट. माझ्या मनात त्या क्षणी एवढंच आलं की आई पुढच्या रांगेत बसलेली असेल आणि ऐकेल.

"कागद दे," ते म्हणाले. "वाचूनच दाखवतो. मळलाय, जरा धुऊन पाठीमागे आधार लावतो."

आमच्या खोलीची रीत अशी की, सोडवलेला कागद नोंदीत चढण्याआधी मास्तरांच्या हाताखालून जातो. फोटो काढणारा सोमवारी येतो, त्याआधी कागद तयार करून ठेवायचा. एकतीस वर्षं मी असा प्रत्येक कागद त्यांच्या हातात दिला होता. हाही दिला. दोन टीपकागदांमध्ये घालून, नीट, कोपरा दुमडू नये म्हणून खाली पुठ्ठा धरून दिला. माझ्याएवढी मूर्ख बाई या देशात दुसरी नसेल.

आईला मी काहीच सांगितलं नाही. फक्त चल म्हटलं. ती नको म्हणाली, त्या माणसांच्या गर्दीत मला नेऊ नकोस म्हणाली. मी हट्टच धरला. तिनं शेवटी निळं लुगडं काढलं, मामाच्या लग्नासाठी घेतलेलं, जे लग्न झालंच नाही.

सभागृह भरलं होतं. शाळेच्या मुलांनी तीन वाक्यं एका सुरात म्हटली. मंत्री बोलले, संचालक बोलले. मग मास्तर उठले. दोघांनी धरून त्यांना ध्वनिक्षेपकापाशी नेलं. त्यांच्या हातात कागद नव्हता. मी म्हटलं, पाठ केला असेल.

ते चांगलं बोलले. त्यांना बोलता येतं. लपूनछपून भरणाऱ्या सभा, मेणबत्तीच्या उजेडात केलेली शिवण, थोरल्यांचं हसणं. मग म्हणाले, "आज मला एका माणसाचं नाव घ्यायचं आहे, जे कधी कुणी घेतलं नाही." आईचा हात मी घट्ट धरला.

त्यांनी बाबांचं नाव घेतलं. पूर्ण नाव, आडनावासकट. सभागृहात कुजबुज झाली.

"तोच तो निरोप्या," मास्तर म्हणाले. "त्याच्याकडून चूक झाली. कुणाकडून होत नाही? पण थोरले त्याला म्हणाले, स्वतःत शोध. आणि त्या माणसानं मरेपर्यंत शोधलं. मी साक्षीदार आहे. इतिहासाचं भान म्हणजे काय, ते त्याच्याकडून शिकावं. मी म्हणतो, आज आपण त्याला माफ करू या."

टाळ्या. आधी तुरळक, मग सगळ्या सभागृहात. मंत्रीही उठून उभे राहिले. शेजारच्या बाईनं आईला मिठी मारली. मला उभं राहायचं होतं, ओरडायचं होतं, पण आईकडे बघितलं आणि पाय उचलला नाही. ती रडत होती. अठ्ठेचाळीस वर्षांत मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं, सगळ्यांदेखत, पदर न लावता.

बाहेर पायऱ्यांवर मी मास्तरांना गाठलं.

"कागद?"

"धुताना विरघळला गं," ते म्हणाले. "शाईनं आतून खाल्ला होता. पाण्यात घातला आणि गेला."

मास्तरांच्या हातून साठ वर्षांत एक कपटा गेला नव्हता. पुराच्या पाण्यातून काढलेली पानं त्यांनी वाचवली आहेत, किड्यांनी चाळण केलेली वाचवली आहेत. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी मान खाली घातली नाही, हे मला जास्त लागलं.

"नाव तर घेतलं ना," ते हळूच म्हणाले. "टाळ्या पडल्या. आणखी काय हवं त्याला?"

मी मास्तर म्हणून ज्याला हाक मारायची तो माणूस त्या पायरीवर संपला. मी आईला धरून खाली उतरले.

घरी आल्यावर आईनं चपला काढल्या, तोंड धुतलं आणि सरळ बाबांच्या फोटोपाशी गेली. फोटो मी लावलेला, ती कधी त्याच्याकडे बघत नसे. ती समोर उभी राहिली.

"ऐकलंत का?" ती म्हणाली. मी दारातच थांबले. ती माझ्याशी बोलत नव्हती. "सगळ्यांनी माफ केलं. मीही केलं. माझ्या भावाचं जे झालं ते झालं. चूक माणसाकडूनच होते. आता शांत पडा."

ज्या गोष्टीसाठी मी एवढं आयुष्य घालवलं ती समोर घडत होती. अशी घडत होती की मला ती सहन होईना. तिचा आवाज मऊ होता, त्यांच्याशी कसं बोलायचं हे तिला अजून आठवत होतं. मी गप्प बसले असते तर ती रोज बोलली असती. सकाळी उठून बोलली असती, जेवताना बोलली असती, मरेपर्यंत. एका निर्दोष माणसाला रोज माफ करत.

मी गप्प बसू शकले नाही. बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

"आई, त्यांची चूक नव्हतीच."

ती वळली. मी सगळं सांगितलं. भोकांच्या रांगा, पुठ्ठ्यातला कागद, मास्तर, पाणी. तिनं एकदाच मधे थांबवलं, कागदावर काय होतं ते शब्द न् शब्द म्हणून दाखव म्हणाली. मी म्हटलं. निरोप्याचा यात काही संबंध नाही, हे वाक्य तिनं मला तीनदा म्हणायला लावलं. तो कागद तू बघितलास ना, तुझ्या डोळ्यांनी, असं विचारलं. मी हो म्हटलं. पुरावा मागितला नाही तिनं. माझ्यावर तिचा तेवढा विश्वास होता, आणि त्या क्षणी मला वाटलं, नसता तर बरं झालं असतं.

ती खाटेवर बसली. निळ्या लुगड्याच्या निऱ्या बोटांनी सारख्या करत राहिली. मग तिनं मान वर केली.

"मग इतकी वर्षं मी कुणाशी बोलत नव्हते गं?"

ती माझ्याकडे बघत होती. तिला खरंच उत्तर हवं होतं.